कंबर धरली तरी पोती उचलायचीच आहेत? मग या चुका टाळा

हमाली करून कंबर कधीच दुखली नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय. मी स्वतः धान्याच्या गाळ्यावर अकरा वर्षं पोती वाहिली, आता टोळीचा हिशेब बघतो. नव्या पोराच्या कंबरेत उसण भरली की सगळे एकच सांगतात, "कंबरेत वाकू नको, गुडघ्यात वाक." सल्ला खोटा नाही, पण तेवढ्यानं भागत नाही. पोतं कुठून उचलता, यावर जास्त अवलंबून असतं.

जमिनीवरून उचलणं ही सगळ्यात महागडी चूक. कण्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. वाकून उचलताना हातातलं वजन अर्धा मीटर पुढे गेलं की त्या स्नायूंवर वजनाच्या दहापट ताण. १० किलोचा डबा हात लांब करून उचला, त्या स्नायूंना १०० किलोच्या आसपास ओढावं लागतं. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. आता ५० किलोच्या कट्ट्याचं गणित तुम्हीच करा. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेनं वजन उचलण्याच्या १९९१ च्या सूत्रात सगळं मनासारखं जुळून आलं तरी २३ किलोच धरले आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका पुरुषानं वाहायच्या वजनाला ५५ किलोची मर्यादा आहे. आपल्याकडचं १०० किलोचं पोतं ५० वर आलं, ते काही कुणाच्या मनात दया आली म्हणून नाही.

पाठीवरचं पोतं बघणाऱ्याला भयंकर वाटतं, पण ते कण्याला चिकटून असतं. कंबर जाते ती घेताना आणि टाकताना. म्हणून थप्पीचा खालचा थर फळ्यांवर लावा. जमिनीवरचं पोतं दोघांनी मिळून उचला. ज्याची कंबर दुखतेय त्याला गाडीत वाकून पोती ओढायला चढवू नका. त्याला फाळक्याशी, म्हणजे गाडीच्या मागच्या उघडणाऱ्या फळीशी, उभं करा, तिथे पोतं सरळ पाठीवर येतं. आणि टाकताना पाय जागेवर ठेवून कंबर पिळू नका, पाऊल वळवा. माझी कंबर पहिल्यांदा धरली ती अशीच, शेवटच्या पोत्याला, घाईत.

दुसरी चूक पहाटेची. रात्रभर झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस सेंटीमीटरभर उंच असतो म्हणतात ते खरं आहे. फुगलेल्या गादीला वाकणं सोसत नाही. उठल्या उठल्या गाडी खाली करायला लागू नका. अर्धा तास चाला, मोजणी करा, वजनकाट्यापाशी उभे राहा. टेम्पोत तासभर आखडून बसून आलात तरी हेच.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. त्याच अमेरिकन संस्थेनं १९९४ मध्ये सांगितलं की चांगल्या कंबरेला पट्टा लावून दुखणं टळतं, याला पुरेसा पुरावा नाही. दुखत असताना काही वेळ बरं वाटत असेल तर लावा. पण पट्टा आहे म्हणून एक पोतं जास्त घेऊ नका.

आता घरचे उपाय. पायाळू माणसाची लाथ मीही खाल्ली आहे. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय लाथेला जातं. शेक घ्या, त्याला हरकत नाही. मात्र आठवडाभर अंथरुणाला खिळून राहू नका, अंग आणखी आखडतं. सोसेल तेवढं चालत राहा.

गोळीची चूक मला नडली. महिनाभर चहावर, उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेऊन गाड्या खाली केल्या. काळी शी व्हायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोटात रक्तस्राव होतोय. उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलं तर याच गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात. डॉक्टरांना न विचारता रोज घ्यायची ती वस्तू नाही.

तसंच, कंबर दुखली की लगेच एमआरआय काढायला धावू नका. काहीही दुखत नसलेल्या कित्येकांच्या फोटोतही सरकलेली गादी दिसते. पण पाऊल उचलेनासं झालं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. ताप किंवा घटणारं वजन सोबत असेल तरी थांबू नका.

शेवटची चूक लपवण्याची. टोळीची कमाई वाटून घ्यायची असते, त्यामुळे दुखणारा गप्प बसतो, तोंडात तंबाखू धरतो आणि उचलत राहतो. पहिल्याच दिवशी मुकादमाला सांगा, "चार दिवस मला फाळक्याशी ठेवा." चार दिवस हलकं काम टोळीला परवडतं, चार महिने घरी बसलेला गडी परवडत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंद असेल तर कामावर झालेल्या इजेची भरपाई मागता येते. त्यासाठी इजा झाली त्याच दिवशी तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. मी आता हिशेबाच्या वहीत शेवटची दोन पानं त्यासाठीच कोरी ठेवतो.