पहिली स्टिरिओ सिस्टीम: कमी पैशांत निवड कशी करावी

बहुतेकजण खरेदीची सुरुवात ॲम्प्लिफायरपासून करतात, कारण त्यावर वॅटचे मोठे आकडे असतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी खोली, मग स्पीकर, त्यांना शोभेल असा ॲम्प्लिफायर आणि सगळ्यात शेवटी बाकीची उपकरणं, असा क्रम ठेवावा.

१. खोली बघा

खोली लहान असेल तर साधारण पाच इंची वूफरचे (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे) छोटे बुकशेल्फ स्पीकर पुरतात. अशा खोलीत उंच टॉवर स्पीकर ठेवले तर खर्जाचा नुसता घुमारा होतो आणि गायकाचा आवाज त्यात बुडतो.

२. स्पीकरवर सढळ हाताने खर्च करा

एकूण बजेटचा निम्मा किंवा थोडा जास्तच भाग इथे जाऊ द्या. चांगल्या आणि सुमार स्पीकरमधला फरक कुणालाही ऐकू येतो. दोन बऱ्या ॲम्प्लिफायरमधला फरक सहसा येत नाही.

माहितीपत्रकातले दोन आकडे कामाचे. पहिला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो. घरगुती स्पीकरमध्ये तो बहुधा ८५ ते ९० च्या आसपास असतो. ३ डेसिबल जास्त हवे असतील तर दुप्पट वॅट लागतात. म्हणून ८६ ऐवजी ८९ चा स्पीकर घेतला, तर निम्म्या ताकदीच्या ॲम्प्लिफायरवर तेवढाच आवाज मिळतो. दुसरा आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला किती विरोध करतो त्याचा. पहिल्या सिस्टीमसाठी ८ किंवा ६ ओहम निर्धोक. ४ ओहमचे स्पीकर घ्यायचे तर ॲम्प्लिफायरला ते चालतात का, हे त्याच्या पाठीमागे किंवा पुस्तिकेत वाचून घ्या.

ऐकून बघताना पाठ असलेली गाणी न्या. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला हमखास ‘चांगला’ वाटतो. विक्रेत्यांना हे नीट ठाऊक असतं!

३. ॲम्प्लिफायर

साधा दोन चॅनलचा इंटिग्रेटेड (सगळं एकाच खोक्यात असलेला) ॲम्प्लिफायर घ्या. ५० वॅटऐवजी ६० वॅट घेतल्याने एक डेसिबलचाही फरक पडत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा तर वाचूच नका. आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद विचारा. सबवूफरसाठी (फक्त खोल खर्जाच्या वेगळ्या स्पीकरसाठी) आउटपुट असेल तर पुढे उपयोगी पडतं.

खोके कमी हवे असतील तर ॲक्टिव्ह स्पीकर घ्या, त्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो. बेताच्या बजेटात हा सौदा बऱ्याचदा फायद्याचा ठरतो. मात्र पुढे फक्त ॲम्प्लिफायर बदलायचा म्हटलं तर जमत नाही.

४. गाणी कशावरून वाजवणार?

सुरुवातीला हातातला फोन किंवा संगणक पुरे. वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचं ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं खोकं) नंतर घेता येतो. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) जोडायचा असेल तर त्याच्यासाठीचं खास फोनो इनपुट ॲम्प्लिफायरला आहे का ते बघा. रेकॉर्डच्या पिनकडून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की साध्या इनपुटवर तो जेमतेम ऐकू येतो.

५. वायर

तांब्याची १६ गेजची साधी स्पीकर वायर काही मीटरसाठी उत्तम. महागड्या केबलचे पैसे स्पीकरमध्ये घाला. जोडताना दोन्ही बाजूंना लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर खर्ज गायब होतो.

६. जुनं घेताना

वूफरच्या कडेची फोमची पट्टी वयोमानाने ठिसूळ होऊन फाटते. हलकेच बोट लावून पाहा. रबराची असेल तर जास्त टिकते. ॲम्प्लिफायरची सगळी बटणं फिरवून खरखर येते का ते ऐका.

७. मांडणी

हिला पैसा लागत नाही, तरी बहुतेक घरांत हीच राहून जाते. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर आणा. सुरुवातीला भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. खर्ज घुमत असेल तर स्पीकर पुढे ओढा, पोकळ वाटला तर मागे सरकवा. एका वेळी चार बोटंच हलवा आणि तेच गाणं पुन्हा लावा.