वायफायची रांग कमी करा
म्हापशातल्या आमच्या इमारतीत संध्याकाळी वायफाय रखडतं ते बहुतेक वेळा रांगेमुळे. प्रत्येक राउटर बोलण्याआधी कानोसा घेतो. चॅनेल (त्याच्या बोलण्याची हवेतली वाट) मोकळं नसेल तर थांबतो. २.४ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांतलंच एक चॅनेल निवडा, त्याची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. ३ किंवा ४ 'रिकामं' दिसलं तरी भुलू नका: तिथे शेजाऱ्याचं बोलणं नीट कळत नाही, नुसता गोंगाट होतो. आणि होमस्टेवाल्यांनो, एकाच राउटरवर वायफायची चार-चार नावं कशाला? प्रत्येक नाव सेकंदाला साधारण १० वेळा, तेही बहुधा सगळ्यात संथ वेगाने, स्वतःची दवंडी पिटतं. दोन पुरेत. टीव्ही राउटरला केबलने जोडा, म्हणजे तो रांगेत येणार नाही. ५ गिगाहर्ट्‌झ हा दुसरा पट्टा चिऱ्याच्या भिंतीत अडतो म्हणतात. शेजारी दाटीवाटीने असतील तर तो गुणच: त्यांचं बोलणंही भिंतीतच अडतं!