आरसी बग्गीचे शॉक: निवड आणि सर्व्हिसिंग

आरसी म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी उडी मारून उतरल्यावर चेंडूसारखी टप्पे खात असेल, तर नवे शॉक, म्हणजे चाकांचे धक्के शोषणारे दांडे, मागवण्याआधी जुने उघडा. निम्म्या वेळी दोष शॉकचा नसतो, आत शिरलेल्या हवेचा असतो.

विकत घ्यायचेच असतील, तर आधी जुना शॉक पूर्ण ताणून वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. लांबी चुकली, तर महागडा अ‍ॅल्युमिनियमचा शॉकही निकामी. नवशिक्याला तेल भरायचे प्लास्टिकचे पुरतात. अ‍ॅल्युमिनियमचा फायदा म्हणजे आट्यांवर रिंग फिरवून उंची बारीक बदलता येते. नुसत्या स्प्रिंगचे, बिनतेलाचे शॉक मात्र घेऊ नका.

आता सर्व्हिसिंग. शॉक काढा, जुने तेल ओता, भाग पुसा. आतबाहेर सरकणाऱ्या रॉडवर ओरखडा असेल, तर तो बदला. नवी ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) घातली तरी गळती थांबणार नाही. मी पहिल्यांदा रॉड सरळ पकडीत धरला होता. चरे पडले आणि रॉड कचऱ्यात गेला. मध्ये जाड कापड घ्या.

तेल सिलिकॉनचेच हवे. इंजिन ऑइलने सिलिकॉनच्या ओ-रिंगा फुगतात. बाटलीवरच्या ‘30 वेट’ या दाटपणाच्या आकड्यावर विसंबू नका, कारण एका कंपनीचे 30 दुसरीच्या 30 इतके दाट नसते. सेंटिस्टोकचा (दाटपणा मोजण्याचे एकक) आकडा बघा. 1/10 बग्गीला (खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराच्या) सुरुवातीला 350 ते 450 ठीक. विदर्भातल्या मे महिन्यात तेल पातळ होते, तेव्हा एक पायरी दाट घ्या.

रॉड पूर्ण बाहेर ओढून शॉक काठोकाठ भरा. पिस्टन हळूहळू वरखाली करा. घाई केलीत तर उलट हवा मिसळते. पाच-दहा मिनिटे उभा ठेवा, बुडबुडे वर येतील. मग डायफ्रॅम (झाकणाखालचा रबरी पडदा) बसवा, झाकण सैल लावा, रॉड आत ढकलून जादा तेल बाहेर येऊ द्या आणि तसेच झाकण आवळा. रॉड पूर्ण आत जात नसेल, तर तेल जास्त झाले. हलवल्यावर फसफस ऐकू आली, तर हवा राहिली. दोन्ही वेळा पुन्हा उघडा. डावा-उजवा शॉक एकाच वेळी दाबून बघा, दोन्ही सारखेच लागले पाहिजेत.

शेवटी बॅटरीसकट गाडी वीतभर उंचीवरून सपाट फरशीवर सोडा. पोट किंचित टेकून गाडी सावरली, तर जमले. दणकन आपटली, तर तेल दाट करा. टेकलीच नाही आणि नाचली, तर पातळ.