पोरगी पुण्याला निघाली की सोबत काय द्यावं

जळगावहून पोरगी नोकरीला पुण्याला निघाली की आपण आधी डबे काढतो. डबे कमी द्या, शिकवा जास्त. कळण्याचं पीठ हवंच: चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद, थोडं जाडं मीठ घालून एकत्र दळायचं. पण निघण्याआधी भाकरी तिच्याच हातून थापून घ्या. कडा फाटल्या तरी आपण हात लावायचा नाही. दोन-चार बिघडल्या की हाताला अंदाज येतो. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कडकडीत वाळलेलेच, घट्ट झाकणाच्या डब्यात. ठेच्याला पाणी लागू देऊ नका. भरताची वांगी तिथे पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, कुठली भाजणार, गॅसवर भाजायला शिकवा. कागदपत्रं हातातल्या पिशवीत. आणि फोनची वेळ तिलाच ठरवू द्या. माझ्या लेकीनं जेवणानंतरची ठरवली, त्याआधी मी करत नाही.