पॉवर बीआयमधील तारखांची उलटापालट : माझा अनुभव

म्हापशातील आमच्या काजूच्या दुकानाची विक्री सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन मी अहवाल तयार करते. एप्रिलच्या अहवालासाठी नव्या संगणकावर नवी फाइल सुरू केली, तेव्हा १३ तारखेपासूनच्या सर्व नोंदींत तारखेऐवजी ‘एरर’ दिसू लागले.

संगणकाचे प्रादेशिक सेटिंग अमेरिकन (आधी महिना, मग दिवस) असल्यामुळे ‘२५/०४/२०२४’ मधील २५ हा महिना समजला जात होता. पॉवर क्वेरी, म्हणजे पॉवर बीआयमधील माहिती आत घेऊन नीट करणारी सोय, रकान्याचा प्रकार (तारीख, संख्या वगैरे) पहिल्या २०० ओळींवरून ठरवते आणि त्या ओळी १२ तारखेच्या आतल्याच असल्याने तिला काही वावगे आढळले नाही. खरा धोका मात्र एरर न दाखवणाऱ्या ओळींत होता, कारण ५ एप्रिलची विक्री गुपचूप ४ मे या तारखेवर जाऊन बसली होती. म्हणूनच एरर असलेल्या ओळी काढून टाकणारा ‘रिमूव्ह एरर्स’ हा सोपा वाटणारा मार्ग कोणीही घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्याने महिन्याचा उत्तरार्ध पुसला जातो आणि पूर्वार्ध चुकीचाच राहतो.

मी आपोआप तयार झालेली ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी काढून टाकली, रकान्याच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘चेंज टाइप’मधील ‘युजिंग लोकेल’ उघडले आणि प्रकार ‘डेट’ व लोकेल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) ‘इंग्लिश इंडिया’ निवडले. त्यानंतर ५ एप्रिलची बेरीज त्या दिवसाच्या बिलांशी ताडून पाहिली. ती तंतोतंत जुळली.