व्हिएन्नाच्या कॉफी हाऊसमध्ये दुपारचं जेवण कसं जमवावं

कॉफी हाऊस म्हणजे कॉफी आणि केक एवढंच, असं समजून बरेच प्रवासी दुपारी जेवायला भलतीकडे जातात. खरं तर व्हिएन्नातल्या बहुतेक जुन्या कॉफी हाऊसमध्ये स्वयंपाकघर असतं, आणि तिथलं दुपारचं जेवण अगदी पोटभरीचं असतं. फक्त वेळ साधावी लागते आणि चार जर्मन शब्द माहीत असावे लागतात.

सोमवार ते शुक्रवार, साधारण साडेअकरा ते दोन ही ती वेळ. दाराजवळच्या फळ्यावर ‘मिटाग्समेन्यू’ किंवा ‘टागेस्टेलर’ असं लिहिलेलं शोधा. मिटाग्समेन्यूत बहुधा सूप आणि एक मुख्य पदार्थ ठरलेल्या दरात मिळतो, तर टागेस्टेलर म्हणजे त्या दिवसाचं ताट. हे नेहमीच्या मेन्यूपेक्षा स्वस्त पडतं आणि लवकर येतं. बारा ते एक आसपासच्या ऑफिसांची गर्दी असते, म्हणून पावणेबाराला जा किंवा सव्वा एकनंतर. १८७६ साली सुरू झालेल्या काफे सेंट्रलबाहेर पर्यटकांची रांग असते. हातात तासभरच असेल तर ते टाळा. १८८०चं काफे श्पेर्ल हाही जुन्या वळणाचा चांगला पर्याय आहे.

आत शिरताना ‘ग्र्युस गॉट’, म्हणजे नमस्कार, म्हणा. ‘रेझर्व्हिअर्ट’ची (राखीव) पाटी नसलेल्या टेबलावर बहुतेक ठिकाणी आपणच बसायचं, मोठ्या, प्रसिद्ध जागी मात्र दाराशी थांबा, वेटर टेबल दाखवतो. बसल्यावर हाका मारू नका, चुटकी तर मुळीच वाजवू नका. वेटरची नजर आपल्याकडे वळली की हात किंचित वर करायचा, तेवढं पुरतं. टेबलावरच्या टोपलीतले ‘झेमेल’ पाव फुकट असतात असं धरून चालू नका. अनेक ठिकाणी खाल्ले तेवढे मोजून बिलात लावतात.

शाकाहाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं, कारण मांस दिसत नाही म्हणजे ते नाही, असं नसतं. ‘फ्रिटाटेनझुपे’ या सुपात धिरड्यासारख्या पातळ पोळीच्या पट्ट्या तरंगताना दिसतात, पण खालचं पाणी गोमांसाच्या हाडांचं असतं. व्हिएन्नी बटाट्याचं सॅलडही पुष्कळदा त्याच रश्शात कालवतात. ‘एर्डॅप्फेलगुलाश’ नावाला बटाट्याचं, पण त्यात सॉसेजचे तुकडे असू शकतात. कोबी आणि पास्त्याच्या ‘क्राउटफ्लेकर्ल’मध्ये डुकराचं मांस, म्हणजे ‘श्पेक’, पडू शकतं. तळलेलं चीज किंवा मशरूम मागवलं, तर श्नित्सेलच्याच (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेल्या मांसाच्या) तेलात तळता का, तेही विचारा. नुसतं ‘व्हेगेटारिश’ म्हणून थांबू नका. ‘ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक, ओने रिंडसुप्पे’ असं सरळ सांगा. म्हणजे मांस, मासे, श्पेक आणि गोमांसाचा रस्सा नको.

मेन्यूवर पदार्थापुढे छापलेली अक्षरं ॲलर्जीसाठी असतात: ए म्हणजे ग्लूटेन, सी अंडं, जी दूध, एच सुकामेवा. मांसाचं अक्षर यात नसतं, म्हणून त्यांच्या भरवशावर शाकाहार ठरवू नका. अंडं चालत असेल, तर ‘आयरनोकर्ल’ (अंड्यात परतलेले पिठाचे छोटे गोळे, सोबत हिरवं सॅलड) हा भरवशाचा पदार्थ, तरी श्पेकचं विचारून घ्या. ‘कायझरश्मार्न’ (जाडसर, फुललेल्या धिरड्याचे तुकडे) गोड असला तरी एका माणसाचं जेवण होतं. तो ताजा केला तर वीसेक मिनिटं लागतात आणि त्यातले मनुके बहुधा रममध्ये भिजवलेले असतात. नको असल्यास ‘ओने रोझिनेन’ म्हणा.

मांसाहाऱ्यांसाठी एकच खूण: नुसतं ‘व्हीनर श्नित्सेल’ लिहिलं असेल तर ते वासराचंच असायला हवं. डुकराचं असेल तर ‘फॉम श्वाइन’ असं लिहिलेलं असतं.

कॉफी जेवणानंतर मागवा, आणि नुसतं ‘काफे’ म्हणू नका. ‘मेलांज’ दुधाची, वर फेसाची. ‘क्लाइनर ब्राउनर’ लहान, कडक, थोड्या दुधाची. ‘आइनश्पेनर’ काचेच्या ग्लासात येते, वर घट्ट फेटलेलं क्रीम. ती ढवळायची नाही, थंड क्रीममधून गरम कॉफी ओठाला लागू द्यायची. धातूच्या छोट्या ट्रेवर सोबत पाण्याचा ग्लास येतो, कधी त्यावर चमचा पालथा ठेवलेला. जेवताना प्यायला नळाचं पाणी हवं असेल तर ‘लाइटुंग्सवासर’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर विकतची बाटली उघडून येते.

कॉफी संपली तरी कोणी उठवत नाही. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं घ्या, बसा. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही, म्हणून गाडी पकडायची असेल तर पंधरा मिनिटं आधीच ‘त्सालेन, बिटे’ म्हणा. वेटर विचारतो, ‘त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ म्हणजे बिल एकत्र की वेगळं. पाच ते दहा टक्के टिप देतात, पण ती टेबलावर ठेवून निघत नाहीत. बिल २७.४० युरो झालं, तर पैसे देतानाच ‘ड्रायसिग’, म्हणजे तीस, असं सांगायचं. वेटर तेवढे धरून उरलेले परत करतो. कार्डाने देणार असाल तर त्याने मशीनवर रक्कम टाकण्याआधी हा आकडा सांगा. काही जागी कार्ड घेत नाहीत, म्हणून खिशात थोडी रोकड ठेवाच.