अपलोड करण्याआधी व्हील उघडून बघा
पोस्टला किती लाइक मिळतील याचा अंदाज बांधणारी पायथन लायब्ररी पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर) टाकण्याआधी व्हील (म्हणजे इन्स्टॉल करायला तयार पॅकेज फाइल) तयार करा आणि कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (बाकी पॅकेजेसपासून वेगळ्या ठेवलेल्या पायथनच्या जागेत), प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर जाऊन इन्स्टॉल करून चालवा. आपल्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं, कारण अंदाज बांधणाऱ्या मॉडेलची फाइल तिथे शेजारीच पडलेली असते. व्हीलमध्ये मात्र ती अनेकदा आलेलीच नसते. मी यात एकदा पुरता फसलोय. व्हील म्हणजे झिपच, उघडून खात्री करा. पायपीआयवर एका फाइलची नेहमीची मर्यादा १०० एमबी आहे. मॉडेल त्याहून जड असेल तर ते पहिल्या वापराच्या वेळी डाउनलोड होऊ द्या. आणि हो, चुकलेली फाइल डिलीट केली तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही, आवृत्तीचा नंबर वाढवावाच लागतो.